मांडव उतरवण्याची वेळ

दर पावसाळ्यात आमच्या अंगणातल्या तगरीची पाने एकाएकी कुरतडलेली दिसू लागतात. खाली फरशीवर मिऱ्यांएवढ्या काळपट लेंड्या पडलेल्या असतात. त्यांच्या नेमके वर पाहिले की अळी सापडते. करंगळीएवढी जाड, पोपटी, डोक्यामागे निळे-पांढरे डोळे रंगवल्यासारखे दोन ठिपके आणि शेपटीवर आखूड शिंग. हॉक मॉथ कुळातल्या पतंगाची ही अळी. एका वर्षी मी तिला पाल्यासकट काचेच्या बरणीत ठेवले. तीन-चार दिवस तिने अधाशासारखी पाने खाल्ली, मग तिचा पोपटी रंग मातकट झाला आणि ती तळाच्या वाळक्या पानांत शिरली. काही दिवसांनी पाने बाजूला केली तर तिथे तपकिरी, गुळगुळीत कोष होता.

कोष पाहिला की तो निर्जीव वाटतो. चिंचोक्यासारखा, पण लांबट. मी तो तळहातावर घेतला आणि त्याचे शेपटाकडचे टोक गर्रकन वळले, इतक्या जोराने की तो हातातून पडता पडता राहिला. त्याला उघडे डोळे नव्हते, चालायला पाय नव्हते, पंख आवरणाला चिकटलेले होते. हलत होते ते फक्त पोटाचे मधले काही वेढे. मी बोट लावले की ते वळत, थांबत, पुन्हा वळत. सगळा प्राण त्या वेढ्यांत गोळा झाल्यासारखा वाटत होता.

कोषाला स्वतःच्या बचावासाठी एवढी एकच हालचाल करता येते. मुंगी चढली, कोळ्याने चाचपले की तो झटका देतो. अळी असताना पोटाच्या एका वेढ्यापासून पुढच्या वेढ्यापर्यंत ताणलेले लांबट स्नायू असतात आणि त्यांच्या जोरावर ती सरपटते. कोष होताना यांतले बरेचसे विरघळतात. मधल्या वेढ्यांतले काही तेवढे राखून ठेवले जातात. शास्त्रीय पुस्तकांत त्यांना आंतरखंडीय स्नायू म्हणतात. या प्रकरणात मी त्यांना पोटाचे स्नायू एवढेच म्हणणार आहे.

या राखलेल्या स्नायूंवर एक शेवटचे काम सोपवलेले असते. पतंग तयार झाला की त्याला कोषाचे कवच फोडून बाहेर यायचे असते. पोटाच्या लाटांमागून लाटा काढत तो पुढे सरकतो, बाहेर पडतो, काहीतरी आधार धरून वर चढतो. त्या वेळी त्याचे पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले असतात. पोट आवळून तो रक्त पंखांकडे दाबतो आणि पंख उलगडतात. हे सगळे थोडक्या वेळात उरकते. त्यानंतर उडायला छातीचे स्नायू असतात. पोटाच्या स्नायूंना उभ्या आयुष्यात पुन्हा काम नाही.

तंबाखूवर आणि टोमॅटोवर वाढणारा एक अमेरिकन हॉक मॉथ आहे, शास्त्रीय नाव मॅन्ड्युका सेक्स्टा. तगरीवरच्या आपल्या अळीचा तो भाऊबंद. प्रयोगशाळांत तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो, म्हणून त्याच्याविषयी आपल्याला फार बारकाईने माहिती आहे. या पतंगाच्या पोटाचे स्नायू तो बाहेर आल्यावर साधारण ३० ते ३६ तासांत नाहीसे होतात. पहिल्या दिवशी पोट उघडले तर आतल्या भिंतीवर पांढुरक्या पट्ट्या दिसतात, नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढ्या मोठ्या. तिसऱ्या दिवशी उघडले तर तिथे जवळपास काही नसते.

एवढा स्नायू दीड दिवसात जातो कुठे? माझ्या मते जीवशास्त्रातल्या अतिशय सुंदर प्रश्नांपैकी हा एक आहे, आणि त्याचे उत्तर सुरू होते ते पतंगांच्याच एका प्रयोगशाळेत.

किड्यांच्या कायापालटात जुन्या ऊती विरघळतात हे आधीच ठाऊक होते. ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८६४ मध्येच माश्यांच्या कोषांत हे पाहून लिहून ठेवले होते. पण विरघळणे म्हणजे झिजणे, कुजणे, निकामी झालेल्या गोष्टीचे होते ते, अशीच समजूत पुढे कितीतरी वर्षे राहिली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्याकडे रिचर्ड लॉकशिन नावाचा विद्यार्थी काम करत होता. त्याने रेशमाच्या एका पतंगाचे पोटाचे स्नायू निवडले. त्याच्या लक्षात आले की हे स्नायू केव्हा मोडणार ते आधीच ठरलेले असते. पतंग बाहेर येण्याच्या कितीतरी आधी हार्मोनांनी त्यांना तशी तयारी करायला लावलेली असते, आणि नेमक्या वेळी नेमके तेच स्नायू जातात, शेजारचे राहतात. गुरु-शिष्यांनी १९६४-६५ मध्ये यावर पाच शोधनिबंधांची मालिका प्रसिद्ध केली. तिला त्यांनी नाव दिले ‘प्रोग्रॅम्ड सेल डेथ’, म्हणजे आखून दिलेला पेशीमृत्यू. संगणक नवे होते आणि प्रोग्रॅम हा शब्द तेव्हा तोंडी रुळू लागला होता. आज कर्करोगापासून मेंदूच्या विकारांपर्यंत हजारो निबंधांत येणारे हे शब्द एका पतंगाच्या पोटातून आले आहेत.

तो पतंग होता अँथेरिया पर्न्यी, चीनमधला ओकच्या पानांवर वाढणारा तसर पतंग. हे वाचताना मला गडचिरोली आठवल्याशिवाय राहत नाही. कारण आपल्या विदर्भातला तसर पतंग, अँथेरिया मायलिटा, त्याचा सख्खा चुलतभाऊ आहे. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, गोंदिया या भागांत ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या सोडतात. ढिवर समाजातली कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. तिकडे कोषाला कोसा म्हणतात. ज्या कोषांतून पुढची पिढी घ्यायची ते बीजकोष वेगळे काढून टांगून ठेवतात आणि संध्याकाळनंतर पतंग बाहेर येऊ लागतात. या रेशमी कोषाचे कवच विलक्षण टणक असते, नखाने खरवडले तरी दाद देत नाही. पतंगाला दात नाहीत, जबडा नाही. मग तो बाहेर येतो कसा? तोंडापाशी तो एक पाचक रस सोडतो. रेशमाचे धागे एकमेकांना चिकटवणारी खळ त्या रसाने विरघळते, धागे सुटे होतात आणि पतंग डोक्याने ते बाजूला सारत बाहेर येतो. या रसाचा उलगडाही विल्यम्स यांच्याच प्रयोगशाळेत, त्याच सुमारास, १९६४ मध्ये फोटिस काफाटोस या दुसऱ्या विद्यार्थ्याने केला. तो रस खळीचे प्रथिन तोडतो, धाग्याच्या प्रथिनाला फारसा धक्का लावत नाही. एकाच पतंगात एकाच रात्री तोंडाबाहेर खळीचे प्रथिन तुटते आणि पोटाच्या आत स्नायूंचे प्रथिन तुटायला निघते. काय तोडायचे आणि काय ठेवायचे याचा विवेक दोन्ही ठिकाणी दिसतो.

पण स्नायूचे आपोआप झिजून पडणे आणि तो मुद्दाम उतरवणे यांतला फरक सिद्ध कसा करायचा? लग्नाचा मांडव वादळाने पडतो तेव्हा बांबू मोडतात, कापड फाटते, दोर गुंतून बसतात. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाहुणे गेले की तोच मांडव उतरवतात तेव्हा माणसे लागतात. गाठी सोडाव्या लागतात, कापडाच्या घड्या घालाव्या लागतात, बांबू मोजून टेंपोत चढवावे लागतात. दुसऱ्या दिवशी अंगण दोन्ही वेळा रिकामेच दिसणार. फरक कळतो तो मजुरांना घरी पाठवून. मजूर नसले तरी वादळातला मांडव पडणारच. उतरवायचा मांडव मात्र मजूर नसतील तर तसाच उभा राहील.

लॉकशिन यांनी नेमके हेच केले. पेशीला नवे काही करायचे असेल तर तिला नवी प्रथिने बनवावी लागतात. अ‍ॅक्टिनोमायसिन आणि सायक्लोहेक्सिमाइड ही औषधे हे काम बंद पाडतात. पहिले औषध जनुकावरून आज्ञेची नक्कल निघू देत नाही, दुसरे त्या नकलेवरून प्रथिन बनू देत नाही. स्नायू नुसते झिजून मरत असतील तर अशा विषारी औषधांनी ते आणखी लवकर मरायला हवेत. घडले उलटेच. औषध वेळेवर दिले की स्नायू मरेनात. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम मला फार मोलाचे वाटते. मरण्यासाठी पेशीला काहीतरी बनवावे लागते, एवढे त्याने दाखवून दिले. ती काय बनवते हे कळायला मात्र आणखी वीस वर्षे गेली.

आता मॅन्ड्युकाकडे परत जाऊ, कारण पुढची गोष्ट त्याच्या पोटात घडली. जेम्स ट्रुमन आणि त्यांचे विद्यार्थी लॉरेन्स श्वार्ट्झ यांनी त्याच्या स्नायूंचे वेळापत्रक तासांच्या हिशोबाने मांडले. कोषापासून पतंग व्हायला प्रयोगशाळेत साधारण १८ दिवस लागतात. पहिले १५ दिवस पोटाचे स्नायू धडधाकट असतात. १५व्या दिवसापासून ते बारीक होऊ लागतात आणि पतंग बाहेर येईपर्यंत त्यांचे वजन सुमारे ४० टक्क्यांनी घटलेले असते. यानंतर मृत्यूचा टप्पा सुरू होतो.

हा टप्पा सुरू होण्याची खूण म्हणजे एका हार्मोनचे ओसरणे. त्याचे नाव एक्डायसोन. कात टाकणे, कोष होणे, पतंग होणे ही किड्यांच्या आयुष्यातली सगळी मोठी वळणे तेच घडवून आणते. पतंग तयार होत आला की रक्तातले त्याचे प्रमाण उतरणीला लागते. ते पुरेसे उतरले की स्नायूंचे मरण ठरते. या सुमारास हार्मोनचे इंजेक्शन दिले तर मृत्यू पुढे ढकलला जातो. पण एका ठराविक क्षणानंतर दिले तर उपयोग होत नाही, तोवर निर्णय झालेला असतो. छातीचे उडण्याचे स्नायू त्याच रक्तात न्हातात, त्यांनाही हार्मोन ओसरल्याचे कळते, तरी ते जगतात. खूण सगळ्यांना सारखीच मिळते, तिचा अर्थ ज्याचा त्याचा वेगळा. काही रेशमी पतंगांत हार्मोनाबरोबर मज्जातंतूंचाही हात असतो. लॉकशिन आणि विल्यम्स यांनी मज्जातंतूंना विजेचे बारीक झटके देत राहून स्नायूंची मोडतोड लांबवून दाखवली होती.

बारीक होण्याच्या काळातली एक गोष्ट मला थक्क करते. ४० टक्के वजन गेलेला स्नायू लुळा पडायला हवा, पण तसे होत नाही. उरलेल्या जाडीच्या मानाने तो पहिल्याइतक्याच ताकदीने आकुंचन पावतो. नाही तर चालणारच नाही, कारण कवच फोडून बाहेर येण्याचे सगळ्यांत कष्टाचे काम अजून व्हायचे असते. लग्न चालू असताना मागच्या बाजूचे बांबू एकेक करून काढायचे, आणि तरी पुढच्या पंगतीवर कापड लोंबता कामा नये, असे हे काम आहे. हे करायचे तर प्रथिने कुठूनही, कशीही तोडून भागत नाही.

पाणी सोडले तर स्नायूचे बहुतेक वजन प्रथिनांचे असते, आणि त्यांतली मुख्य दोन, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन. त्यांचे धागे एकमेकांत सरकतात म्हणून स्नायू आखडतो. हे धागे ओळीने, दाटीवाटीने, करकचून बांधलेले असतात. एखाद्या पाचक रसाने त्यांच्यावर हल्ला केला तर दिसेल ते सगळे तुटेल. पोटात अन्न पचते ते तसेच. पण पेशीच्या आतले पचन निराळे आहे, आणि हे प्रथम एका कोड्यामुळे कळले. १९५३ मध्ये मेल्विन सिम्पसन यांनी यकृताच्या चकत्यांवर प्रयोग करून दाखवले की पेशीतली प्रथिने तुटायला ऊर्जा लागते. हे विचित्रच होते. काही बांधायला ऊर्जा लागते हे समजू शकते. मोडायला कशाला? जठरातल्या पेप्सिनला अन्नातले प्रथिन तोडायला ऊर्जा खर्चावी लागत नाही. वर्षानुवर्षे हे कोडे बाजूला पडून राहिले.

ते सोडवले इस्राएलमधल्या हैफा शहरात अव्राम हर्श्को आणि आरोन चिखानोव्हर यांनी, अमेरिकेतल्या अर्विन रोझ यांच्या साथीने, १९७०च्या दशकाच्या शेवटी आणि १९८०च्या सुरुवातीला. २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. पेशी ज्या प्रथिनाला मोडायचे त्याच्यावर आधी खूण चिकटवते. खूणही प्रथिनाचीच, ७६ अमिनो आम्लांची, छोटी आणि चिवट, नाव युबिक्विटिन. जवळपास प्रत्येक प्रगत सजीवात ती सापडते. नावाचा अर्थही ‘सगळीकडे असणारी’ असाच आहे. वृक्ष, बुरशी, पतंग, माणूस, सगळ्यांत ती जवळजवळ अक्षरशः सारखी आहे. एक एन्झाइम तिला ऊर्जा खर्चून तयार करते, दुसरे ती हातात घेते, आणि तिसऱ्या प्रकारचे एन्झाइम नेमके प्रथिन ओळखून तिला त्याच्यावर लावते. एका खुणेवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी साखळी होते. चार खुणांची साखळी झाली की त्या प्रथिनाचे भवितव्य बहुधा ठरले. ओळखण्याचे काम तिसऱ्या प्रकारच्या एन्झाइमांचे असते, म्हणून त्यांचे प्रकारही भरपूर. माणसात ते सहाशेच्या आसपास आहेत.

खूण लागलेले प्रथिन जाते प्रोटिएझोमकडे. हे यंत्र एखाद्या लाकडी पिंपासारखे असते. सात-सात तुकड्यांची चार कडी एकावर एक रचलेली, मध्ये पोकळी, आणि कापणारी धार पूर्णपणे आतल्या बाजूला. बाहेरून हात लावला तरी इजा नाही. पिंपाचे तोंड मुद्दाम अरुंद असते, घडी घातलेले प्रथिन त्यातून आत जाऊच शकत नाही. तोंडावर टोपी बसलेली असते. ती खुणेची साखळी ओळखते, प्रथिनाला धरते, ऊर्जा खर्चत त्याची घडी उलगडते आणि दोरा सुईच्या नेढ्यातून घालावा तसे त्याला आत ढकलते. युबिक्विटिनच्या खुणा मात्र बाहेरच सोडवून परत वापरायला ठेवल्या जातात. दुसऱ्या टोकाने आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे बाहेर पडतात, इतर एन्झाइमे त्यांचे आणखी बारीक तुकडे करतात, आणि शेवटी सुटी अमिनो आम्ले उरतात, पुन्हा कशातही गुंफता येतील अशी. सिम्पसन यांच्या कोड्याचे उत्तर इथे आहे. ऊर्जा तोडायला नाही, निवडायला आणि उलगडायला लागते.

१९९० मध्ये श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅन्ड्युकाच्या मरू घातलेल्या स्नायूंत कोणती जनुके एकाएकी जागी होतात ते शोधले. त्यांत युबिक्विटिनचे जनुक होते. स्नायूंचे मरण ठरण्याच्या नेमक्या वेळी त्याच्या नकला प्रचंड वाढतात. पुढच्या काही वर्षांत वेगवेगळ्या गटांनी दाखवले की खूण लावणारी एन्झाइमेही वाढतात, प्रोटिएझोमची घडण बदलते आणि त्याच्या टोपीतले ऊर्जा वापरणारे भागही वाढतात. लॉकशिन यांनी औषध देऊन ज्यांना घरी पाठवले होते, ते मजूर बहुधा हेच होते.

प्रोटिएझोमला एक मर्यादा मात्र आहे. स्नायूचे करकचून बांधलेले धागे तो एकदम खाऊ शकत नाही. आधी ते धाग्यांच्या मोळीतून सुटे व्हायला लागतात. म्हणजे गाठी सोडणारे आणखी कोणीतरी हवेच. आणि तंतुकणिका? पेशीतली ही ऊर्जाघरे प्रोटिएझोमच्या अरुंद तोंडात मावण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. पेशी त्यांच्याभोवती पटलाची पिशवी विणते आणि ती पिशवी लयकारिकांशी जोडते. लयकारिका म्हणजे पाचक रसांनी भरलेल्या पिशव्या. ख्रिस्तियान द द्युव्ह यांनी त्या १९५५ मध्ये वर्णिल्या आणि १९६३ मध्ये या आत्मभक्षणाला ऑटोफॅजी हे नाव दिले. योशिनोरी ओसुमी यांना ऑटोफॅजीच्या यंत्रणेसाठी २०१६ चे नोबेल मिळाले. मरणाऱ्या पोटाच्या स्नायूंत या पिशव्यांची रेलचेल सूक्ष्मदर्शकाखाली लॉकशिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकातच पाहिली होती, गिळलेल्या तंतुकणिकांसकट.

१९७२ मध्ये स्कॉटलंडमध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलेस्टेअर करी यांनी आखलेल्या मृत्यूच्या एका प्रकाराला अपॉप्टॉसिस हे नाव दिले. त्यात पेशी आक्रसते, तिचा गाभा तुकडे-तुकडे होतो आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. पुढे हाच प्रकार इतका गाजला की आखलेला मृत्यू म्हणजे अपॉप्टॉसिसच, असे बहुतेक पाठ्यपुस्तकांनी धरून टाकले. पतंगाच्या पोटाचे स्नायू या साच्यात बसत नाहीत. त्यांना गिळायला कोणी येत नाही, गाभ्याचे तसे तुकडे होत नाहीत. एवढी मोठी पेशी कोणी गिळणार तरी कसे? म्हणून ती स्वतःच स्वतःला आतून उतरवते. ज्या स्नायूंवरून या विषयाला नाव मिळाले तेच त्याच्या लोकप्रिय व्याख्येबाहेर राहिले. हा अन्याय पाठ्यपुस्तकांनी दुरुस्त करायला हवा असे मला मनापासून वाटते.

श्वार्ट्झ यांच्या गटाला या मरणाऱ्या स्नायूंत आणखी एक प्रथिन सापडले. त्याला त्यांनी अकेरॉन हे नाव दिले, ग्रीक पुराणांत मृतांच्या राज्यातली नदी. आपण त्याला वैतरणी म्हटले असते.

सुट्या झालेल्या अमिनो आम्लांचे काय होते? ती रक्तात उतरतात आणि जिथे लागतील तिथे जाऊ शकतात. तसर पतंगाचे तोंड खाण्याजोगे नसते, बाहेर आल्यावर तो काहीच खात नाही. अळीपणी ऐनाच्या पाल्यावर जे साठवले त्यावरच त्याला उडायचे, जोडीदार शोधायचा आणि मादीला अंडी घालायची असतात. अशा जिवाला कणभर प्रथिनही वाया घालवणे परवडत नाही.

याचे आणखी स्पष्ट उदाहरण आपल्या पायाखाली असते. पहिला वळीव झाला की ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या मुंग्या आणि वाळवी गोळा होते, आणि सकाळी केर काढताना पंखांचा ढीग निघतो. यातल्या राणी मुंगीची गोष्ट घ्या. आयुष्यात ती एकदाच उडते. मग पंख तोडून टाकते, जमिनीत बीळ करते आणि त्यात स्वतःला बंद करून घेते. अनेक जातींत पहिली पिल्ले मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही, काही खात नाही. तिच्या छातीत मात्र उडण्याच्या स्नायूंचा मोठा साठा असतो, आता बिनकामाचा. शार्ल जाने या फ्रेंच संशोधकाने १९०७ मध्ये दाखवले की लग्नाच्या उड्डाणानंतर राणीचे हे स्नायू मोडत जातात. उडण्यासाठी बांधलेल्या प्रथिनांवर पहिली कामकरी मुंग्यांची फळी वाढते. आपण ज्या मुंगीला साखरेच्या डब्यातून झटकतो, तिच्या वारुळाची सुरुवात कदाचित राणीचे पंख हलवणाऱ्या स्नायूंवरच झालेली असते.

पतंगात आणि मुंगीत जी यंत्रणा चालते तीच आपल्या अंगातही आहे. फक्त आपल्याकडे ती बहुधा पहिल्या टप्प्यावर थांबते. उपास, लांबलेला आजार, कर्करोग, अंतराळातला मुक्काम, हाड मोडल्यावर घातलेले प्लॅस्टर, या सगळ्यांत आपले स्नायू बारीक होतात. २००१ मध्ये अशा बारीक होणाऱ्या स्नायूंत वाढणारी दोन एन्झाइमे सापडली, अ‍ॅट्रोजिन आणि मर्फ. दोन्ही युबिक्विटिनची खूण लावणारी, तिसऱ्या प्रकारातली. यातल्या एका शोधामागे हार्वर्डचे आल्फ्रेड गोल्डबर्ग होते. स्नायूंची झीज थांबवायची या आशेने त्यांनी १९९० च्या दशकात प्रोटिएझोम बंद पाडणारी औषधे तयार करायचा उद्योग सुरू केला. औषध झाले, पण ते झिजेवर चालले नाही. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर मात्र ते उत्तम चालले, कारण त्या कर्करोगाच्या पेशी इतकी प्रथिने बनवतात की मोडतोडीचा कारखाना थांबला की त्या स्वतःच्याच पसाऱ्यात गुदमरतात. बोर्टेझोमिब या नावाने ते २००३ पासून रुग्णांना मिळते. आपल्याकडच्या कर्करोग रुग्णालयांतही ते रोज दिले जाते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या पायाला सहा आठवडे प्लॅस्टर होते. ते कापले त्या दिवशी मांडीकडे पाहून मला धक्का बसला. कातडी सैल, सुकलेली, आणि मांडी कोणा दुसऱ्याची असावी तशी. घरी येऊन मी शिवणाच्या पट्टीने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी साडेतीन सेंटिमीटरने कमी भरली. त्या सहा आठवड्यांत माझ्या आतही कुठेतरी खुणा लागत होत्या, धागे उलगडून पिंपांत जात होते आणि सुटी अमिनो आम्ले रक्तातून दुसरीकडे निघाली होती. पण स्नायूंच्या पेशी मेल्या नव्हत्या, बारीक होऊन थांबल्या होत्या. फिजिओथेरपीच्या ताईंनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, “आता गुडघ्याने हा टॉवेल दाबायचा, दहा मोजेपर्यंत.” पहिल्या दिवशी काहीच हलले नाही. तिसऱ्या दिवशी मांडीवर हात ठेवला तर आत काहीतरी ताणल्यासारखे जाणवले, बरणीतल्या कोषाला बोट लावल्यावर जाणवले होते तसेच. अकराव्या आठवड्यात पट्टीवर फरक एका सेंटिमीटरवर आला.